आजी, डबल्स आणि ताशा: त्रिनिदादमधले सहा दिवस

दिवस पहिला, २५ मे

पियार्को विमानतळावर इमिग्रेशनच्या रांगेत आमच्या पुढे एक वयस्कर बाई होत्या. नातू हाताला लागत नव्हता. त्या त्याला काहीतरी ओरडल्या. बोलणं इंग्रजीच असावं, पण आमच्या डोक्यावरून गेलं. एकच शब्द नेमका कानात शिरला. आजी दमलीय, असं काहीसं त्या म्हणत होत्या, आणि त्यातला 'आजी' हा शब्द आजीच होता. उज्ज्वला, सई आणि मी, तिघंही चमकलो.

रांग लांब होती, त्यामुळे गप्पा झाल्या. इथल्या भारतीय वंशाच्या घरांत वडिलांचे आईवडील म्हणजे आजा-आजी आणि आईचे नाना-नानी. शब्द भोजपुरीतून आलेले. मी विचारलं, तुम्हाला भोजपुरी येतं? बाई हसल्या. म्हणाल्या, माझ्या आजीला यायचं, आईला कळायचं, मला फक्त शिव्या येतात.

आमचं इकडे येणं तसं माझ्या हट्टापायी. सई न्यू जर्सीला असते. 'आलाच आहात तर बहामाजला जाऊ,' असं तिचं चाललं होतं. मी अण्णांची वही काढली. आमचे अण्णा सांगलीत पेढीवर मुनीम होते. १९७१ साली वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये जिंकला, तेव्हाची पेपरातली कात्रणं त्यांनी जुन्या खतावणीत खळीनं चिकटवून ठेवली होती. त्या वहीत 'पोर्ट ऑफ स्पेन' हे नाव इतक्या वेळा येतं, की लहानपणी मला ते सांगली-मिरजेच्या पलीकडचं एखादं स्टेशन वाटायचं. सई म्हणाली, "बाबा, क्रिकेटचं मैदान बघायला पाच तास विमानात बसायचं?" मग तिनंच तिकिटं काढली.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा मिळून एक देश आहे. दोन्हींचं क्षेत्रफळ साधारण ५,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढं. लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास. २०११च्या जनगणनेत ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे होते आणि ३४ टक्के आफ्रिकी वंशाचे. कॅरिबियनमध्ये असला तरी हा तुकडा मुळात दक्षिण अमेरिकेचा, व्हेनेझुएला इथून जेमतेम ११ किलोमीटर. चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या तो दक्षिणेला पडतो, म्हणून शेजारची बेटं झोडपली जातात तेव्हा हे बहुतेक वेळा सुटतं. गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे सईपेक्षा मलाच जास्त हायसं वाटलं.

संध्याकाळी राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या सेंट जेम्स भागात गेलो. गल्ल्यांच्या पाट्या वाचत चाललो: कलकत्ता, मद्रास, लखनौ, पाटणा, बॉम्बे. मुख्य रस्त्यावर टपऱ्यांची रांग आणि तिथेच डबल्स. हळद घातलेल्या पिठाच्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्या, त्यांना म्हणतात 'बारा', आणि मध्ये पातळसर छोले. वर चिंचेची चटणी, काकडी आणि मिरचीचा ठेचा. हा प्रकार १९३०च्या दशकात दक्षिणेकडच्या प्रिन्सेस टाऊनमध्ये सुरू झाला. आधी एकाच बाऱ्यावर छोले मिळायचे. गिऱ्हाइकं 'डबल कर' म्हणू लागली आणि तेच नाव चिकटलं. कागदात गुंडाळून देतात, उभ्यानंच खायचं, किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगायचं.

टपरीवाला विचारतो, "पेपर?" म्हणजे तिखट किती. उत्तर द्यायचं, "स्लाइट," म्हणजे थोडंसं. मी सांगलीचा माणूस, कोल्हापुरी तांबड्यावर वाढलेला, म्हटलं, "फुल." त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. पुढची वीस मिनिटं मी बोललो नाही. मोरुगा स्कॉर्पियन ही या बेटावरचीच मिरची. २०१२ साली न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी तिला जगातली सर्वांत तिखट ठरवलं होतं, हे सईनं फोनवर वाचून दाखवलं. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

दिवस दुसरा

सकाळी क्वीन्स पार्क ओव्हल, पोर्ट ऑफ स्पेनचं क्रिकेटचं मैदान. मॅच नव्हती. गेटवरच्या माणसाला अण्णांची वही दाखवली. त्यानं दोन पानं उलटली, 'सोलकर' हे नाव बरोबर वाचलं आणि आत सोडलं.

मैदान सुंदर आहे, आणि सुंदर आहे ते उत्तरेकडच्या डोंगरांमुळे. स्टँडच्या मागे हिरवीगार रांग उभी राहते आणि त्यावर ढग टेकलेले असतात. मी स्टँडमध्ये बसून कात्रणं वाचत होतो. ६ ते १० मार्च १९७१, दुसरी कसोटी. वेस्ट इंडीज २१४. आपले ३५२, त्यात दिलीप सरदेसाईंचे ११२. सरदेसाई मूळचे मडगावचे, हे अण्णांनी समासात लिहून ठेवलंय. त्याच डावात जॅक नोरेगा नावाच्या त्रिनिदादच्याच फिरकी गोलंदाजानं ९५ धावांत ९ बळी घेतले आणि तरी त्याचा संघ हरला. ही ओळ अण्णांनी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केली आहे. का, ते विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी सोबर्स आणि लॉइड दोघांनाही काढलं, सोबर्सना तर शून्यावर. पहिलीच कसोटी खेळणारे सुनील गावसकर ६५ आणि नाबाद ६७. सात गडी राखून जिंकलो. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता आणि मालिकाही त्याच एका विजयावर आली.

त्याच दौऱ्यात एप्रिलमध्ये गावसकर इथेच पाचव्या कसोटीत परत खेळले. दाढ प्रचंड दुखत असताना १२४ आणि २२०. त्यांच्यावर इथल्या एका गायकानं कॅलिप्सो, म्हणजे इथलं लोकगीत, रचला. त्रिनिदादमध्ये कॅलिप्सो म्हणजे चालता-बोलता अग्रलेख असतो. त्यात नाव येणं ही पदवीच.

ग्राउंडवर पाणी मारणारे एक काका शेजारी येऊन बसले. वर्णानं काळे, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांना १९७६ आठवत होतं. याच मैदानावर भारतानं चौथ्या डावात ४०३चं आव्हान पेललं. ४ बाद ४०६. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५. चौथ्या डावात इतक्या धावा करून जिंकण्याचा हा विक्रम २००३पर्यंत टिकला. काका म्हणाले, त्या मॅचमध्ये क्लाइव्ह लॉइडनं तीन स्पिनर खेळवले आणि त्यानंतर स्पिनरवरचा त्याचा विश्वासच उडाला. पुढे त्यानं चार-चार फास्ट बोलर आणून जगाला पळवलं. "म्हणजे आमच्या फास्ट बोलर्सचं श्रेय तुमच्याकडे," असं म्हणून ते इतके हसले की खोकला लागला. मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि २००७च्या वर्ल्ड कपची आठवण काढली. बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून आपण घरी गेलो, तेही याच मैदानावर. अण्णा तेव्हा नव्हते, हे एका अर्थी बरंच.

दुपारी सवाना. शहराच्या मधोमध प्रचंड मोठं गवताळ मैदान, कडेनं नारळपाणीवाले. इथे शहाळं कापतात तेही सपासप तीन घावांत, अगदी आपल्यासारखं.

दिवस तिसरा

गाडी भाड्यानं घेऊन मध्य त्रिनिदादकडे निघालो. दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल उसाची जमीन, पण ऊस नाही. सरकारी साखर कंपनी २००३ साली बंद झाली. ज्या उसासाठी माणसं जहाजात भरून आणली तो ऊस गेला, माणसं राहिली. घरांच्या अंगणात बांबूंना लावलेली लाल, पिवळी, पांढरी निशाणं दिसत होती. त्यांना इथे झंडी म्हणतात. घरात पूजा झाली की त्या त्या देवाच्या रंगाची झंडी रोवायची.

चेस व्हिलेजला रस्त्याकडेला कुंभारांची दुकानं आहेत, पणत्यांचे ढीग. पणतीला इथे 'दिया' म्हणतात. थोडं पुढे कारापिचैमाला ८५ फुटी हनुमान. २००३ सालचा. जवळ गेल्यावर उज्ज्वला म्हणाली, "अहो, पाटी वाचा." दत्तात्रेय योग केंद्र. म्हैसूरच्या दत्त पीठाच्या स्वामींनी उभारलेलं. आम्ही नरसोबाच्या वाडीपासून तासाभरावर राहणारी माणसं, आणि दत्त भेटला तो इथे, दाक्षिणात्य शिल्पकारांच्या हातचा. उज्ज्वलानं हात जोडले आणि सवयीनं पादुका कुठे दिसतात का ते शोधू लागली.

तिथून दहा मिनिटांवर वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ. फोटो आधी पाहिले होते, पण गोष्ट माहीत नव्हती. सिवदास साधू नावाच्या ऊसतोडणी मजुरानं १९४७ साली किनाऱ्यावर एक छोटं देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. १९५२ साली देऊळ पाडलं गेलं, आणि साधूला चौदा दिवसांची कैद आणि दंड झाला. सुटून आल्यावर त्यानं ठरवलं की समुद्र कुणाच्याच मालकीचा नाही. सायकलला बादली अडकवून तो दगड-माती वाहू लागला आणि भरती-ओहोटीच्या मधल्या चिखलात भर घालत गेला. पंचवीसएक वर्षं. लोक वेडा म्हणायचे. लाटा बांधलेलं खायच्या, तो पुन्हा बांधायचा. तो गेला तेव्हा काम अपुरंच होतं. भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली त्या सुमारास, १९९४-९५ मध्ये, सरकारनं ते पुरं केलं आणि किनाऱ्यापासून पायवाट बांधली.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात झंड्या उभ्या, त्यांवर बगळे. शेजारीच स्मशानघाट आहे, तिथे एक चिता विझत आलेली. देवळासमोर साधूचा पुतळा आहे. पुजारीबुवांनी गंध लावलं, मंत्र संस्कृत, उच्चार जरा सैल. मग इंग्रजीत म्हणाले, महाराष्ट्र? म्हणजे मॉरिशसवाले का? बरोबर होतं त्यांचं. मराठी मजूर मुंबई बंदरातून मॉरिशसला गेले. त्रिनिदादची जहाजं कलकत्त्याहून आणि काही मद्रासहून निघायची. आपली माणसं इथे फारशी आलीच नाहीत. तरी मंडपातल्या फलाहारात एका बाईंनी 'कुर्मा' म्हणून जे पुढे केलं ते चक्क शंकरपाळे होते, आलं घातलेले आणि वर पाक चढवलेले. प्रसाद पानावर. ते केळीचं पान नाही, सोहारी नावाच्या वेगळ्याच झाडाचं, पण वापर तोच. जेवण करणाऱ्या बाया फोडणीला 'छुंके' म्हणतात आणि ते इंग्रजी क्रियापदासारखं चालवतात: डाळ छुंके झाली का, आता छुंके करते. तवा, बेलना, कल्छुल, सगळं तसंच. भाषेचं घर पडलं आणि स्वयंपाकघर तेवढं उभं राहिलं, असं उज्ज्वला परतताना म्हणाली. मी ते तिच्या नावावरच लिहितो.

चार वाजता कारोनीच्या दलदलीत. सपाट बुडाच्या बोटीतून खारफुटीमधून नेतात. नावाडी फांदीवर वेटोळं घालून बसलेला अजगरासारखा साप दाखवतो, तो बोअर होतो आणि आपण नाही. मग बोट एका मोकळ्या तळ्यात थांबवून इंजिन बंद करतात. सूर्य कलला तसे लाल शराटी पक्षी येऊ लागले. आपल्याकडे शराटी पांढरा किंवा काळा. हा लाल म्हणजे कुंकवासारखा लाल, आणि शेकड्यांनी. जन्मतः ते करड्या-तपकिरी रंगाचे असतात, इथले खेकडे-कोळंबी खाऊन हळूहळू रंग चढतो. समोरचं हिरवं बेट बघता बघता गुलमोहर फुलल्यासारखं झालं. हा देशाचा राष्ट्रीय पक्षी असून त्याला मारलं तर एक लाख त्रिनिदाद डॉलर दंड आहे. बोटीत वीस माणसं होती, त्यांतली चार शाळकरी पोरं. कुणीही बोललं नाही.

दिवस चौथा

ला ब्रेआचं डांबराचं तळं. दक्षिणेला दोन तास. जवळ आलं की रस्ताच समुद्रासारखा लाटा खाऊ लागतो, कारण खाली डांबर सरकत असतं.

खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत हे एसटी डेपोच्या मागच्या मोकळ्या पार्किंगसारखं दिसतं. साधारण शंभर एकर, काळपट, सुरकुतलेलं. पण त्यावर चालू लागलं की मजा कळते. वाटाड्या पुढे, आपण त्याच्या पावलावर पाऊल टाकत. कुठे घट्ट, कुठे पाय किंचित रुतणारं. थांबलो तर बुटाचा ठसा खोल होत जातो. जगातला नैसर्गिक डांबराचा हा सर्वांत मोठा साठा, खोली सुमारे ७५ मीटर. खणून काढलं की खड्डा हळूहळू आपोआप भरतो. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले १५९५ साली इथे आला तेव्हा त्यानं आपल्या गलबतांच्या फटी याच डांबरानं बुजवल्या होत्या. मध्ये पावसाचं पाणी साचलेली डबकी आहेत, गंधकाच्या वासाची, आणि गावातल्या बाया त्यांत मानेपर्यंत बसून होत्या. कातडीला चांगलं म्हणे. उज्ज्वलानं पाय बुडवले. मी काठावर उभा राहून चपला सांभाळल्या.

दिवस पाचवा

टोबॅगो. विमान वर गेलं म्हणेपर्यंत उतरलं. इथे बहुतेक सगळे आफ्रिकी वंशाचे, बोलण्याची लय वेगळी, घाई अजिबात नाही. बक्कू गावात ईस्टरनंतरच्या मंगळवारी बोकडांच्या शर्यती होतात, घोड्यांसारखे जॉकी बोकडामागे दोरी धरून पळतात. आम्ही चुकलो. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहिले. समुद्राच्या मधोमध कमरेएवढ्या पाण्याचा नायलॉन पूल आहे, तिथे सई तासभर तरंगत होती.

मला आवडलं ते डोंगरातलं जंगल. १७७६ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र झाल्याचं जाहीर झालं त्याच वर्षी, इथल्या ब्रिटिश मळेवाल्यांच्या सरकारनं पाऊस टिकावा म्हणून डोंगरमाथ्याचं जंगल कायद्यानं राखून ठेवलं. झाडं तोडली तर पाऊस जातो, हे उसाच्या लोभी माणसांनीही अडीचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमच्याकडच्या टेकड्या आठवल्या आणि मी विषय बदलला.

दिवस सहावा, ३० मे

आज इथे सुट्टी. इंडियन अरायव्हल डे. १८३८ साली ऑगस्टमध्ये गुलामगिरी पूर्ण संपली, मुक्त झालेल्या माणसांनी मळ्यांवरचं काम सोडलं किंवा मजुरी मागितली आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे झाले. १६ फेब्रुवारी १८४५ला 'फतेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून निघालं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यासाठी सागवानात बांधलेलं हे जहाज. १०३ दिवसांनी, ३० मेला, ते २२५ माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. पाच वर्षांचा करार. १९१७पर्यंत हे चालू राहिलं आणि सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार लोक आले. कारकुनानं ऐकलं तसं नाव लिहिलं, आणि बापाचं पहिलं नाव पुढे पोराचं आडनाव झालं. म्हणून इथे रामलोगन, सुखदेव, रामदीन ही आडनावं. आमच्या घरमालकीणबाईंना मी आपली 'कर' लावून होणारी आडनावं समजावून सांगितली. म्हणजे गावाचं नाव तुमच्याबरोबर फिरतं, असं म्हणून त्या गप्प झाल्या. त्यांच्या घराण्याचं गाव कोणतं, ते त्यांना माहीत नाही.

त्यांनीच आम्हाला चगुआनासजवळच्या एका गावातल्या मिरवणुकीला नेलं. ट्रकवर जहाज केलेलं, पोरं धोतर-पागोटं घालून मजूर झालेली, एक जण सोला हॅट घालून साहेब. मागून येणारा आवाज मला आधी ओळखू आला नाही. सईला आला. ती कॉलेजात असताना चार वर्षं पुण्याच्या पथकात ताशा वाजवायची.

"बाबा, ताशाची तर्री!"

रस्त्याकडेला कागद आणि काटक्यांचा जाळ केला होता. त्यावर पोरं मातीचे ताशे धरून फिरवत होती, बकऱ्याचं कातडं तापून ताणलं जावं म्हणून. शब्दही तोच, ताशा. मोहरमच्या ताबुतांबरोबर इथे वाजू लागला, इथे त्या सणाला होसे म्हणतात. आता लग्नं, मिरवणुका, क्रिकेटची मॅच, सगळीकडे असतो. चौघांचा ताफा. पुढे एक ताशा, त्याला 'कटर' म्हणतात, तो बोलतो. दुसरा 'फुले', तो लय धरून ठेवतो. गळ्यात भला मोठा ढोल आणि चौथ्याच्या हातात पितळी झांज. ढोल-ताशा-झांज, आमच्या लक्ष्मी रोडवर असतात तशीच. फक्त आमचे ताशे आता धातूचे आणि पान प्लास्टिकचं. मातीचा ताशा सई पहिल्यांदाच बघत होती.

ती कडेला उभी राहून बोटांनी ठेका धरत होती. कटर वाजवणारा पोरगा विशीचा. त्यानं ते पाहिलं, वाजवणं थांबवलं आणि वेताच्या दोन काठ्या तिच्यापुढे धरल्या. तिनं आधी आमच्याकडे बघितलं. मग ताशा गळ्यात अडकवून पथकातला एक ताल सुरू केला. फुलेवाल्यानं दुसऱ्या आवर्तनात पकडला. ढोलवाला तिसऱ्यात आला आणि चौथ्यात घसरला, सगळे हसले, तो परत आला. झांजवाल्या म्हाताऱ्याला काहीच अडचण नव्हती, तो सुरुवातीपासून बरोबर होता.

मग पोरगा म्हणाला, आता आमचा. तालाला ते 'हँड' म्हणतात. त्यानं 'डिंगोले' नावाचा एक हँड वाजवून दाखवला. सईनं प्रयत्न केला. डावा हात जुळला, उजवा पुन्हा पुन्हा पुण्याच्या वळणावर जात होता. सहा-सात वेळा चुकल्यावर तिनं काठ्या परत दिल्या. पोरानं ताशाच्या कातड्यावर अंगठा दाबून पाहिला, मान हलवली आणि तो पुन्हा जाळावर धरला.